उंच केलेल्या जीपचा शाफ्ट

मराठीच्या दोन प्राध्यापकांनी जीपच्या प्रॉपेलर शाफ्टविषयी लिहावे, हे या पानांच्या वाचकांना काहीसे विपरीत वाटेल. लिहायला बसण्यापूर्वी आम्हांलाही तसेच वाटले होते. परंतु या एका लोखंडी नळीने आम्हांला जेवढे शिकवले, तेवढे अलीकडच्या कोणत्याही चर्चासत्राने शिकवलेले नाही; आणि त्या शिकवणीची किंमत आमच्या एका विद्यार्थिनीला आपल्या पायांनी मोजावी लागली असती, ती थोडक्यात टळली. म्हणून हे लेखन. त्यात साहित्यविचार फारसा नाही, कबुली बरीच आहे.

आम्ही दोघेही अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिम तीरावर राहतो. एकाच महाविद्यालयात एकच विषय शिकवतो आणि २०१९ साली निम्मे-निम्मे पैसे घालून आम्ही एक जुनी जीपही एकत्रच विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपच्या वंशातली, महिंद्राने भारतात बनवलेली, चारही चाकांना ओढ देता येणारी. या कंपनीचा इतिहास मोठा बोलका आहे. १९४५ साली ती स्थापन झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असे होते. भागीदारांपैकी गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. आद्याक्षरे मात्र बदलावी लागली नाहीत.

जीप घेण्यामागचा आमचा हेतू शुद्ध होता, निदान आरंभी. पातूर-बाळापूरकडच्या खेड्यांत विद्यार्थ्यांसह जायचे आणि म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घ्यायच्या, असा उपक्रम आम्ही चालवत होतो. ज्यांनी वऱ्हाडातील पांदण पाहिली आहे, त्यांना अडचण सांगायला नको. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चाकाला धरून बसते. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांनी पाडलेली चाकोरी इतकी खोल होते की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. गाडी थोडी उंच असती तर, हा विचार तिथेच, चिखलात उभे असताना सुचला. पुढे त्यात हौस मिसळली. उंच केलेल्या जीपांची छायाचित्रे आम्ही रात्री उशिरापर्यंत पाहू लागलो. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आपण कशासाठी उंच होऊ पाहतो आहोत, असा प्रश्न स्वतःला विचारता आला असता. तो आम्ही विचारला नाही.

आमच्या गल्लीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर एका चाचांचे लेथचे दुकान आहे. मोटारपंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे सुटे भाग, मळणीयंत्रांचे सांधे अशी कामे ते चाळीस वर्षे करत आले आहेत. आम्ही त्यांना बेत सांगितला. त्यांनी खाली वाकून गाडीचे पोट पाहिले आणि एवढेच म्हणाले, “सर, गाडी तं उचलान तुमी, पन शाफ्टले इचारलं काय?”

आम्ही हसलो. दिवाळीच्या सुटीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, दुसऱ्याच एका ठिकाणी पाटे बदलून आणि शॅकल लांब करून गाडी चार इंच उंच करवून घेतली. शाफ्टला कोणीही काही विचारले नाही.

तो काय करतो, हे आता सांगता येईल. तेव्हा आम्हांला ते ठाऊक नव्हते. इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला जखडलेले असतात. ॲक्सल मात्र पाट्यांवर झुलत असतो, खड्ड्यागणिक वरखाली होतो. स्थिर असलेल्या या भागाची फिरकी झुलत्या भागाला पोहोचवायची, हे शाफ्टचे काम. त्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. अधिक चिन्हाच्या आकाराचा एक पोलादी तुकडा, त्याला कारागीर ‘क्रॉस’ म्हणतात, आणि त्याला दोन बाजूंनी धरणारे दोन दुबेळके, त्यांना ‘योक’ म्हणतात. योक म्हणजे जूच. आपले ‘जू’, संस्कृतातील ‘युग’ आणि ‘योग’, इंग्रजांचा ‘योक’ ही एकाच प्राचीन मुळाची भावंडे आहेत, हे भाषाशास्त्राच्या तासाला आम्ही प्रतिवर्षी सांगतो. गाडीखाली उताणे पडून ते पाहण्याचा योग मात्र पहिल्यांदाच आला. या सांध्याला सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो याचे नाव आहे आणि सतराव्या शतकातील रॉबर्ट हूकचेही. स्प्रिंगच्या नियमामुळे शाळेत भेटतो तोच हा हूक.

या सांध्यात एक उपजत खोट आहे. तो वाकलेल्या स्थितीत फिरत असेल तर एका बाजूचा समान वेग दुसऱ्या बाजूला समान राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. कोन लहान असेल तर हे जाणवत नाही. आता आमच्या गाडीचा हिशेब पाहा. समजा, मागचा शाफ्ट ६० सेंटिमीटर लांब आहे आणि त्याचे पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा १० सेंटिमीटर उंच आहे. त्याचा उतार सुमारे ९.६ अंशांचा होतो. गाडी चार इंच, म्हणजे आणखी १० सेंटिमीटर, वर उचलली की तोच उतार १८.७ अंशांच्या आसपास जातो. पहिल्या स्थितीत वेगातील चढउतार दोन्ही बाजूंना १.४ टक्के असतो. दुसऱ्या स्थितीत तो ५ टक्क्यांच्या वर जातो. कोन दुप्पट झाला, हिसका जवळजवळ चौपट. शिवाय अंतर वाढल्यामुळे शाफ्टला अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबावे लागते. त्यासाठी त्याच्या मध्यात एकात एक सरकणाऱ्या दातेरी नळ्या असतात. जेवढ्या त्या बाहेर ओढल्या जातील तेवढी त्यांची एकमेकींवरची पकड कमी होते.

खोटीवर उपाय त्याच रचनेत आहे. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि दोन्ही टोकांची जुवे एका पातळीत असतील, तर पहिल्या सांध्याने केलेली चूक दुसरा सांधा नेमकी उलट करून फेडतो आणि चाकाला समान वेग मिळतो. मधल्या नळीला मात्र हा हिसका सोसावाच लागतो. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने जाताना ती मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेत असते आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा दचकत असते. वर बसलेल्यांना त्याचा पत्ता नसतो.

पत्ता नसतो, असे म्हणणे आमच्यापुरते खोटे आहे. गाडी उंच केल्यानंतर दोनच आठवड्यांत ताशी चाळीसच्या पुढे एक थरथर येऊ लागली. पुढे हळू चालताना पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा एक कोरडा आवाज आणि गाडी उचलताना ‘खट्’ असा ठोका. आम्ही चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले, टायर अदलून पाहिले आणि मग त्या आवाजाची सवय करून घेतली. शब्दांतील सूक्ष्म ध्वनिभेद ऐकण्यासाठी ज्यांना पगार मिळतो, त्यांनी चार महिने एक स्पष्ट आवाज ऐकला नाही.

मार्च २०२३ मधील एका शनिवारी आम्ही तीन विद्यार्थ्यांसह खेड्यातून परतत होतो. पातूरच्या घाटात, चढावर, गाडीखाली स्फोटासारखा आवाज झाला. मागच्या टोकाचा क्रॉस तुटला होता. पुढच्या टोकाला लटकलेला शाफ्ट मोकाट फिरत तळाच्या पत्र्यावर आदळू लागला. आमच्यापैकी जो चालवत होता त्याने क्लच दाबेपर्यंत दोन-तीन क्षणच गेले असतील. तेवढ्यात मागच्या बाकासमोरचा पत्रा फाटून शाफ्टचे टोक चार बोटे वर आले होते. त्या जागी बसलेली आमची विद्यार्थिनी बाकावर मांडी घालून, वही मांडीवर ठेवून, नुकत्याच ऐकलेल्या ओव्या उतरवत होती. पाय खाली सोडून बसली असती तर काय झाले असते, ते आम्ही अनेक रात्री स्वतःला सांगून पाहिले आहे.

संकट तिथेच संपले नाही. गाडी मागे घरंगळू लागली. हँडब्रेक ओढला, काहीही झाले नाही. या जुन्या धाटणीच्या जीपांत हँडब्रेक चाकांना धरत नाही. गिअरबॉक्सला लागून असलेल्या ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी एक ड्रम असतो, त्याला तो धरतो आणि शाफ्टच्या मार्फत चाके थांबतात. शाफ्ट गेला की ओढही गेली आणि धरही गेला. पायाच्या ब्रेकने गाडी थांबली आणि मुलांनी उड्या मारून चाकांमागे दगड लावले. नंतर चाचा म्हणाले की पुढचा सांधा तुटला असता आणि मोकळे टोक खाली रस्त्यात रुतले असते, तर गाडी उचलून फेकली गेली असती.

मुलांना आम्ही एस.टी.ने पाठवले आणि चाचांना फोन केला. त्यांनी ‘म्या सांगतलं होतं’ असे म्हटले नाही. म्हणाले, “मागचा शाफ्ट पूरा खोलून टाका. पुढच्या चाकांचा गेर लावा अन् हळूहळू या. तीसच्या वर जाऊ नका.” त्या संध्याकाळी आमची उंच जीप पुढच्या दोन चाकांच्या ओढीवर, मागे तुटका शाफ्ट ठेवून, बैलगाडीच्या ऐटीने जुन्या शहरात परतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही विद्यार्थिनीच्या गावी तिच्या वडिलांना भेटायला गेलो. ते शेतकरी आहेत. त्यांनी बसायला खाट दिली, चहा सांगितला, सारे ऐकून घेतले. आम्ही क्षमा मागितली तेव्हा ते रागावले नाहीत. अंगणातल्या ट्रॅक्टरकडे पाहत म्हणाले, “सर, फिरत्या शाफ्टपाशी आमी कोनाले बसू देत नाई.”

या वाक्यामागचा अनुभव आम्हांला नंतर उमगला. ट्रॅक्टरच्या मागे मळणीयंत्र जोडतात ते अशाच दोन सांध्यांच्या शाफ्टने. त्याची रूढ गती मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा किंवा ओढणीचे टोक त्यात सापडले तर माणसाला ओढून घ्यायला एक सेकंदही लागत नाही. म्हणून त्यावर आवरण असते. जिथे ते मोडलेले असते तिथे शहाणा शेतकरी पोराबाळांना फिरकू देत नाही. ज्या गोष्टीवर आम्ही निश्चिंतपणे त्याच्या मुलीला बसवले होते, तिच्याविषयी त्याचे ज्ञान आमच्यापेक्षा कितीतरी अधिक होते. आमच्या वर्गातली ती मुलगी ‘मले’ म्हणाली की आम्ही ‘मला’ म्हणायला लावत होतो. ते गैर होते असे नाही. परंतु दुरुस्ती नेहमी एकाच दिशेने होत होती, हे त्या अंगणात पहिल्यांदा जाणवले.

चाचांनी तुटलेला क्रॉस आमच्या तळहातावर ठेवला. त्याच्या बोटांवर सुईसारख्या रोलरांचे चरे उमटले होते आणि टोपीत लाल गंजाचे पीठ साचले होते. म्हणजे ग्रीस केव्हाच संपले होते. तो चिवचिवाट याच पिठाचा. शिवाय सरकत्या नळ्या जोडताना एक दाता चुकला होता. त्यामुळे दोन टोकांची जुवे एका पातळीत नव्हती आणि एकाची चूक दुसरा फेडण्याऐवजी वाढवत होता. नळ्या वेगळ्या करण्यापूर्वी त्यांवर खूण करून ठेवायची असते, एवढा साधा नियम पाळला गेला नव्हता.

मग मोजमाप. चाचांनी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला, त्याला दोरा बांधून खाली नट लटकवला आणि त्या ओळंब्याने ट्रान्सफर केसच्या तोंडाचा, शाफ्टचा आणि ॲक्सलच्या तोंडाचा कोन वहीत लिहून घेतला. लांबी दोनदा मोजली: एकदा गाडी चाकांवर उभी असताना आणि एकदा ॲक्सल मोकळा लोंबत असताना. कारण उभ्या गाडीत पुरणारा शाफ्ट खड्ड्यात अपुरा पडू शकतो. मग आम्हांला दोन मार्ग सांगितले. उंची राखायची असेल तर वरच्या टोकाला एकाऐवजी जोडसांधा, म्हणजे पाठोपाठ दोन क्रॉस, बसवायचे. ते कोन आपसांत वाटून घेतात आणि एकमेकांचा हिसका तिथल्या तिथे मिटवतात. परंतु मग खालच्या टोकाला जवळजवळ कोनच उरता कामा नये. म्हणून पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून ॲक्सलचे तोंड शाफ्टच्या रेषेत वर वळवायचे. तोंड फार वर वळले तर तिथल्या बेअरिंगला तेल पोहोचेनासे होते. म्हणजे एक दुरुस्ती दुसरी मागते. दुसरा मार्ग सोपा होता. गाडी पुन्हा खाली आणायची आणि तिच्या मूळ उंचीला साजेसा, पण अधिक दमदार शाफ्ट बनवायचा. “तुमी सांगान तसं करतो,” चाचा म्हणाले.

आम्ही जोडसांधा निवडला. हे लिहायला संकोच वाटतो, पण पत्रा फाटलेला पाहूनही आमची हौस जमिनीवर आली नव्हती. एप्रिल सुट्या भागांची वाट पाहण्यात गेला. जुना शाफ्ट चाचांच्या दुकानात पडून राहिला.

१३ मे २०२३ च्या रात्री जुन्या शहरात दंगल झाली. समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून जमाव समोरासमोर आले, दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका माणसाचा जीव गेला. निर्बंध लागले. पाच मिनिटांवरचे दुकान आम्हांला एकाएकी दूर वाटू लागले. दोन्हीकडच्या गल्ल्या बंद होत्या. चाचांना फोन करावा की नाही, केला तर काय बोलावे, याचा आम्ही दोघांनी एक संपूर्ण दिवस विचार केला. आणि ज्या प्रश्नाला पूर्वी एक क्षणही लागला नसता त्याला दिवस लागला, याची लाज वाटली. शेवटी फोन त्यांचाच आला. “सर, घरी सगळे ठीक हायेत न? शाफ्ट सलामत हाय. काळजी करू नका.”

त्या बंद दिवसांत आम्ही मोटार वाहन कायदाही वाचून काढला. १९८८ च्या त्या कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरबदलांविषयी आहे. आणि निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. म्हणजे जी उंची राखण्यासाठी आम्ही जोडसांधा करवून घेणार होतो, तीच मुळात गैर होती. परंतु खरे सांगायचे तर निर्णय कायद्याने केला नाही. खाटेवर बसून ऐकलेले ते एक वाक्य होते. चांगला सांधा केला म्हणून फिरत्या शाफ्टवर माणसे बसतात ही गोष्ट बदलणार नव्हती. आपण आपल्या हौसेने त्याच्यावरचा ताण किती वाढवायचा, एवढेच आपल्या हाती होते.

दुकान उघडल्यावर आम्ही चाचांना दुसरा मार्ग सांगितला. ते काही बोलले नाहीत, वहीतल्या जुन्या आकड्यांवर एक रेघ मारली. मूळ मापाचे पाटे आणि शॅकल परत बसले. शाफ्टची जुनी नळी लेथवर कापून अधिक जाड भिंतीची नळी घातली. वेल्डिंगच्या आधी आणि नंतर डायल लावून ती वाकडी फिरत नाही ना, हे पाहिले. सरकत्या दातेरी भागाची लांबी वाढवली, नवे क्रॉस घातले आणि ते ग्रीस भरता येणारे निवडले. दोन्ही जुवे एका रेषेत आणून नळीवर छिन्नीने दोन खुणा कोरल्या. शाफ्ट बॅलन्सिंगसाठी बाहेरगावी जाऊन आला. शेवटी सांगाड्याला एक जाड लोखंडी कडे वेल्ड केले, ज्यातून शाफ्ट फिरतो. उद्या सांधा तुटलाच तर तो खालीही पडणार नाही आणि वरही येणार नाही. हे कडे आम्ही मागितले नव्हते. चाचांनी त्याचे पैसेही लावले नाहीत. “हे पोरीसाठी,” ते म्हणाले.

आता गाडी कारखान्यातून निघाली तेवढीच उंच आहे. पावसाळ्यात पांदणीच्या तोंडाशी ती उभी करतो आणि पुढचे अंतर चिखल तुडवत चालत जातो. मागच्या बाकाखालचा फाटलेला पत्रा बदलून घ्यायचे आम्ही मुद्दाम टाळले. त्यावर फक्त एक पट्टी रिव्हेट केली आहे. महिन्यातून एकदा ग्रीसगन घेऊन आम्ही दोघे आळीपाळीने गाडीखाली जातो, क्रॉसच्या टोप्यांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबतो आणि छिन्नीच्या त्या दोन खुणा समोरासमोर आहेत ना, हे बोट लावून पाहतो.

ती विद्यार्थिनी पुढे एम.ए.ला आमच्याकडेच आली. पहिल्या सहलीला ती त्याच बाकावर बसली. बसण्यापूर्वी तिने खाली वाकून कडे पाहून घेतले आणि मग पाय खाली सोडले.